धार तिळाएवढी

अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला होता, म्हणून विलायतेला आमच्या वऱ्हाडचा कापूस हवासा झाला होता. अकोल्यात आम्हाला कळलं ते एवढंच. जन्मभर ज्वारी पेरणाऱ्यांनीही त्या साली कापसाची पऱ्हाटी पेरली. पऱ्हाटीला निंदण फार, त्यामुळे खुरप्यांना असा उठाव आला की आमची भट्टी दिवसभर विझत नसे. ऐरणीवर मी, आणि भात्यावर माझी बायको. लग्नाला चार वर्षं झाली होती आमच्या.

वडिलांनी मला शिकवलं ते साध्या, मऊ लोखंडावर. धार ऐरणीवरच ठोकून अगदी पानासारखी पातळ काढायची, मग खुरपं लाल तापवून पाण्यात बुडवायचं. यालाच आम्ही पाणी देणं म्हणतो. नंतर दगडावर चार हात फिरवले की झालं. त्या लोखंडाला पाणी दिलं काय आणि न दिलं काय, फारसा फरक पडत नसे.

त्या साली अमरावतीला गेलो, तेव्हा भंगारात बग्गीखालच्या, धक्के झेलणाऱ्या मोडक्या कमानी सापडल्या. अस्सल पोलाद. मी हरखून गेलो. बाळापूरच्या रस्त्यावर एक विधवा बाई स्वतः शेती करायची. तिच्यासाठी त्या पोलादाची बारा खुरपी केली, वडिलांच्याच रीतीनं.

तिसऱ्या दिवशी ती गाठोडं डोक्यावर घेऊन आली आणि ऐरणीपुढं ओतलं. धारांचे दात पडलेले. एक तर मधोमध तडकलेलं.

"लोहारदादा, हे खुरपे हायेत का काचेच्या बांगड्या? माह्या बाया निंदाले बसल्या, अन् घडीभरात तुकडे! एकीच्या बोटात कपची घुसली."

"मावशी, आपल्या इकडचं पानी खारं हाय," मी म्हणालो. "त्याचाच दोष."

"पान्याले काहून नावं ठेवतं? मी बी तेच पेते. मले तं काई तडे गेले नाई."

ती गेली. मी हट्टानं लांबच्या गोड्या विहिरीचं पाणी गाडीवर आणलं आणि त्यात नवी खुरपी बुडवली. तडे थोडे कमी झाले, पण धार तळलेल्या पापडासारखी वेडीवाकडी होऊ लागली. दोन दिवस मी पुन्हा पुन्हा तेच करून पाहिलं. बोटात कपची घुसलेली, मी न पाहिलेली ती मजूरबाई डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तिसऱ्या दिवशी भाता ओढता ओढता बायको म्हणाली, "एक सांगू का जी? रागावसान तं नाई?"

"सांग."

"आच माह्या तोंडापुढं असते. खुरप्याची जाड पाठ लाल व्हाच्या आधी धार पांढरी पडते. पातळ हाय ना ते. तुमी पाठीची वाट पाहून राहिले, अन् तवरोक धार जळून जाते."

"लोहार मी, का तू?"

ती भाता ओढत राहिली. पण पुढचं खुरपं तापत असताना मी पाठीकडं न बघता धारेकडं बघितलं. तिचं खरं होतं.

मग धार किती जाड ठेवावी ते बघायला मी तीन खुरपी घडवली. एकाची धार नेहमीसारखी पातळ, दुसऱ्याची ज्वारीच्या दाण्याएवढी जाड. तिसऱ्यासाठी बायकोनं घरातून तीळ आणला, धारेवर आडवा ठेवला, आणि तेवढीच जाडी मी सोडली. पहिलं पाण्यात जाताच 'टिंग' वाजलं, तडा गेला. ज्वारीएवढं शाबूत राहिलं, पण दगडावर घासता घासता माझे खांदे भरून आले, तरी धार निघेना. तिळाएवढं मात्र पाण्यातून सरळच्या सरळ बाहेर आलं. ठिसूळ राहू नये म्हणून त्याला परत हलकी ऊब दिली, मग ओल्या दगडावर सावकाश घासलं. अंगठ्यानं धार चाचपली आणि मी मोठ्यांदा हसलो. ती पण हसली.

आता ऐरणीवरचं काम घटलं आणि दगडावरचं वाढलं. दुपारी आम्ही दोघं आळीपाळीनं घासत बसायचो. बारा नवी खुरपी झाल्यावर मी त्या बाईला निरोप धाडला.

ती आली. मी म्हणालो, "मावशी, दोष पान्याचा नव्हता. माहाच होता."

ती एक खुरपं उचलून रस्त्याकडेला उकिडवी बसली, हरळी मुळासकट काढली, मग मुद्दाम एका दगडावर दोनदा मारून बघितलं. धार डोळ्यांजवळ नेली.

"आता कसं! कोनं शिकोलं तुले?"

एक क्षण वाटलं, वडिलांचं नाव सांगावं. पण मी भात्याकडं बोट केलं.

तशी ती सरळ बायकोजवळ गेली, कमरेची चंची सोडली आणि सुपारीचं खांड तिच्या हातावर ठेवलं. मला नाही दिलं. दोघी सावलीत बसून बराच वेळ बोलत राहिल्या. मी एका हातानं भाता ओढत, दुसऱ्यानं हातोडा मारत होतो. त्या दिवशी काम निम्मंच झालं, पण त्याचं मला काही वाटलं नाही.