गुळाच्या पाण्यातला ताहू

लोणी देवकरच्या कारखान्यांसमोर माझी खानावळ आहे. कोणी अर्ध्या ताटावरून उठलं की मला दिवसभर चैन पडत नाही. आणि त्या इंडोनेशियाच्या माणसानं तर सलग चार दिवस भाकरीचा चतकोर मोडून ताट सारलं होतं.

समोरच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला तो दोन आठवड्यांसाठी आला होता. एक सुटा भाग बंदरात अडकला, म्हणून महिना उलटला तरी इथंच. चाळिशीचा, सडसडीत. ताट सारलं की अंगणात येरझारा घालायचा. त्याच्या चपलांचा आवाज आत यायचा आणि कारण नसताना माझेही हात भरभर चालायचे.

पाचव्या दिवशी मी त्याला अडवलं. "दादा, तिखट लागतंय का? का दुसरं काय हाय?"

तो त्याच्या भाषेत फोनशी बोलायचा आणि फोन आम्हाला हिंदीत सांगायचा. पण त्या दिवशी त्यानं नुसता एक व्हिडिओ दाखवला. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बसली होती. तिनं हिरवी मिरची, लसूण, बारके कांदे मातीच्या ताटलीत ठेचले, तळलेले चौकोनी तुकडे कापून त्यावर टाकले, वरून तपकिरी पाणी ओतलं.

"ते पाणी कसलं?"

फोन म्हणाला, गूळ आणि चिंच.

"अवं, मग हे आपल्या घरातलंच की! आणि हे पांढरं? पनीर?"

"ताहू," तो स्वतःच म्हणाला. मग अख्ख्या ताटलीवर बोट फिरवून, "ताहू गेजरोत." आणि म्हातारीवर बोट ठेवून, "मां."

ताहू म्हणजे सोयाबीनचं पनीर. बारामतीला एका मोठ्या दुकानात त्याचं पाकीट मिळालं; तळलं तर पार भुगा झाला. मग मी अंथुर्ण्याहून सासऱ्यांकडचं सोयाबीन मागवलं. सासरे फोनवर म्हणाले, "पेंड जनावराला घालत्यात, तू माणसाला घालतीस व्हय?"

रात्रभर भिजवलेलं सोयाबीन मिक्सरवर वाटलं, जुन्या धोतरातून गाळलं, दूध उकळलं. फाडायला चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगर आणलं, तिथूनच गुळाच्या पाण्यात घालायला थोडा सोया सॉसही. पहिला घाणा कढईत विरघळला. दुसऱ्या वेळी त्यानं स्वतः बाह्या सारल्या. फडक्यात बांधून वर पाटा ठेवला, तुकडे मिठाच्या पाण्यात बुडवले, निथळून तेलात सोडले. ते फुगले. बाहेरून सोनेरी, आतून पोकळ.

कुंभाराकडून आणलेल्या मातीच्या ताटलीत त्यानं ठेचा केला, ताहू कापला, गुळाचं पाणी ओतलं. एक तुकडा मला दिला. आधी गोड, मग आंबट, मग मिरची नाकापर्यंत. त्यानंही एक घेतला. चावता चावता थांबला आणि टेबलावर डोकं टेकलं.

मी घाबरले. "काय झालं?"

मग तो फोनशी बोलला, आणि फोन सांगत गेला: शनिवारी आईचं हृदयाचं ऑपरेशन आहे. यंत्र मला एकट्यालाच येतं. रजा मागितली तर पुढचं काम मिळणार नाही. मी कोणालाच सांगितलेलं नाही.

तो मंगळवार होता.

माझी आई मोरगावला असायची. तिचं जास्त झालंय म्हणून भावाचा फोन आला तेव्हा खानावळीत दुपारची गर्दी होती. "जेवणं उरकून निघते," मी म्हणाले होते. बारामतीच्या स्टँडवर मोरगावच्या एसटीच्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात दुसरा फोन आला. हे मी त्याला सांगितलं नाही. हात धुतले आणि पदर खोचून थेट कारखान्याच्या फाटकावर गेले.

मॅनेजर साहेब माझ्याकडेच जेवायचे. मला आत आलेली पाहून उठून उभे राहिले.

"साहेब, त्या परदेशी माणसाला सोडा. त्याची आई दवाखान्यात हाय."

"मला बोलला नाही तो."

"भ्यालाय. तुमी इचारा."

"भाग येईपर्यंत इथं काम तरी काय आहे? आला की पुण्याचा आमचा माणूस बसवेल. शिकलाय तो याच्याकडून. नाही जमलं तर व्हिडिओवर विचारू."

बुधवारी सकाळी गाडी आली. तो माझ्या पाया पडायला वाकला, मी दोन पावलं मागं सरले. डब्यात भाकरी आणि ठेचा दिला, तो त्यानं छातीशी धरला.

शनिवार मला खायला उठला. पोळ्या करपल्या, एकाच ताटात दोनदा आमटी वाढली. संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर तो होता, मागं दवाखान्याची हिरवी भिंत. आई शुद्धीवर आली आहे, म्हणाला.

पंधरा दिवसांनी पडद्यावर म्हातारी स्वतः दिसली, उशीला टेकून बसलेली. मुलानं सगळं सांगितलेलं असणार. मी केलेल्या ताहूची ताटली फोनसमोर धरली; त्यातलं काळपट पाणी बघून ती काहीतरी बोलली आणि तो हसला. फोन म्हणाला, गूळ फार झाला.

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "आमी उसाच्या मुलखातली माणसं."

अजून दर आठवड्याला मी ताहू करते. कारखान्यातली पोरं म्हणतात, "मावशी, ह्याला चव न्हाय." काही जण मात्र दुसऱ्यांदा मागतात. गर्दीत फोन वाजला की मी आता झारा खाली ठेवते आणि आधी फोन उचलते.