लाल कोटातला मुलगा
परवा शेजारी जुन्या कपाटाला पॉलिश करत होते, त्या वासानं मला स्कॉटलंडमधली ती हवेली आठवली. सैन्यातला आमचा मुलगा कोसळलेल्या बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला आणि सापडलाच नाही. त्यानंतर मन रमावं म्हणून लेकीनं आम्हा दोघांना तिकडे तिच्याकडे नेलं होतं. सरदार घराण्याची दगडी हवेली, जिन्याच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्यांची चित्रं, खिडकीबाहेर ओलं कुरण. लाल कोटातल्या एका कोवळ्या पोराच्या चित्रापाशी हवेली दाखवणाऱ्या बाई थांबल्या. हा धाकटा मुलगा पलटणीबरोबर हिंदुस्थानात गेला आणि अहमदनगरच्या छावणीत तापानं वारला, असं त्यांनी सांगितलं. त्याची कबर घरातल्या कुणीच पाहिली नाही. आई मात्र मरेपर्यंत रोज त्याचं अंथरूण घालायची. नगरची छावणी म्हणजे आमचं भिंगारच. लेकीनं हे मराठीत सांगताच बायको चित्राच्या अगदी जवळ गेली. "त्यांना सांग, तो आमच्या भिंगारला हाय. आमी बघतो त्याच्याकडं." परत आल्यावर आम्ही छावणीच्या जुन्या कबरस्तानात गेलो. बाभळी माजल्या होत्या, दगडांवरची अक्षरं झिजली होती. त्याचं नाव काही सापडलं नाही. मग तिनं एका बिननावाच्या कबरीवरचं गवत उपटलं, शेवंतीची फुलं ठेवली आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. "तिकडं आपल्या लेकराजवळ कुणी बसत असंल का हो?" मी म्हणालो, "बसत असेल." आता तीही नाही. फुलं मीच नेतो, आणि थोडा वेळ बसून येतो.