न्यायाधीशांचं डुक्कर

हर्शेल टॅकेट स्वतःची ओळख करून देताना दोन गोष्टी सांगायचा. एक, त्याने बेल्चर काउंटीत एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एवढ्या वर्षांत ती फक्त एकदाच ओढ्यात घातली. दोन, तो न्यायाधीश अँब्रोस टॅकेट यांचा थेट वंशज आहे. पहिली गोष्ट सांगताना तो हसायचा. दुसरी सांगताना हसत नसे, आणि सगळा घोटाळा झाला तो तिथेच.

केंटकीच्या त्या डोंगरात टॅकेटांना तोटा नाही. दोनशे वर्षांपूर्वी लॉरेल ओढ्याकाठी अँब्रोस टॅकेट याच नावाचे दोन पुरुष एकाच वेळी नांदत होते. एक काउंटीचे न्यायाधीश, चारशे एकरांचे मालक. दुसऱ्याला त्याच न्यायाधीशांचं डुक्कर चोरल्याबद्दल कोर्टासमोरच्या खांबाला बांधून पंचवीस फटके मारलेले. आता ओढ्याच्या वरच्या अंगाचे टॅकेट कोणाचे आणि खालच्या अंगाचे कोणाचे, हा निवाडा हर्शेलने तरुणपणीच करून टाकला होता. न्यायाधीशांची जमीन वरच्या अंगाला, हर्शेलचं घरही वरच्या अंगाला. एवढा पुरावा त्याला पुरला. डुक्करचोर उरला, तो खालच्यांना देऊन टाकला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

खालच्या टॅकेटांपैकी डेल्मर हा गावातला न्हावी, हर्शेलच्याच वयाचा. दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चर्चच्या आवारात सगळ्या टॅकेटांचा मेळावा भरे, लांब टेबलांवर जेवणं मांडली जात, मधोमध डुकराच्या मांसाचं हॅम, आणि डेल्मर दिसला रे दिसला की हर्शेल ओरडे, "हॅम झाकून ठेवा गं बायांनो, डेल्मर आला!" सगळे हसत. डेल्मरही हसे. त्याची बायको ओपल मात्र कधी हसली नाही.

विनोद तेवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण टेकडीवरच्या कुंपणातल्या जुन्या कबरस्तानाच्या समितीचा अध्यक्षही हर्शेलच. आत फक्त न्यायाधीशांचे वंशज आणि त्यांचे नवरे-बायका, हा नियम त्याने स्वतः दोन बोटांनी टंकलिखित केला होता. चार वर्षांपूर्वी ओपल वारली तेव्हा डेल्मर टोपी हातात धरून त्याच्या ओसरीवर आला होता. "तिला टेकडी फार आवडायची, हर्शेल," एवढंच म्हणाला. हर्शेल म्हणाला, "नियम आहे, डेल्मर. माझ्या हातात काही नाही." ओपलला हमरस्त्याकडेच्या नव्या कबरस्तानात पुरलं. हर्शेलची बायको वायलेट मात्र सात वर्षांपूर्वीच टेकडीवर, ओकच्या सावलीत, न्यायाधीशांपासून वीस पावलांवर पोचली होती.

यंदा हर्शेलच्या डोक्यात आणखी एक खूळ शिरलं. कबरस्तानाच्या फाटकावर दगडात न्यायाधीशांची खूण कोरायची. पूर्वी डुकरं रानात मोकळी सुटत, म्हणून प्रत्येक घराणं पिलांचे कान आपापल्या तऱ्हेने कापी आणि ती खूण कोर्टाच्या वहीत नोंदवी. बापाची खूण मुलाकडे जाई. मेळाव्याच्या आधीच्या मंगळवारी हर्शेल कोर्टाच्या तळघरात जाऊन बसला.

तिथली कारकून नॉर्मा लहानपणी त्याच्याच बसमधून शाळेत गेलेली. तिने जाडजूड वही त्याच्यापुढे आदळली. "हर्शेलकाका, जिवंत माणसांना भेटायला जाता का कधी?"

"मेलेले उलट बोलत नाहीत, पोरी."

पण त्या दिवशी ते बोलले. न्यायाधीशांची नोंद सापडली: दोन्ही कान शेंड्याला सरळ छाटलेले. हर्शेलने पुन्हा वाचलं. त्याच्या लहानपणी असल्या छाटक्या कानांची डुकरं कोणाची, हे कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. डेल्मरच्या आजोबांची.

पुढल्या पानावर चोरीचा खटला. आरोपीने न्यायाधीशांचं डुक्कर पकडून त्याच्या कानांवर आपली खूण चढवली होती. डाव्या कानाला माशाच्या शेपटीसारखी खाच, उजव्या कानाचा खालून अर्धगोल तुकडा काढलेला. ही खूण वाचायला हर्शेलला चष्म्याचीसुद्धा गरज नव्हती. आठ वर्षांचा असताना पिलं घट्ट धरायचं काम त्याचं, आणि आजोबा सुरीने नेमकी हीच खाच पाडत.

मग त्याने चाळीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं ते केलं. जमिनीच्या खरेदीखतांची वही मागवली आणि न्यायाधीशांनी जमीन घेतल्याचा कागद वाचून न थांबता पुढची पानं उलटली. न्यायाधीशांनी म्हातारपणी वरची जमीन विकून ओढ्याच्या खालच्या अंगाला बिऱ्हाड हलवलं होतं. विकत घेणारा डुक्करचोराचा मुलगा. सौद्यातून टेकडीवरची अर्धा एकर तेवढी वगळलेली: 'माझे कुटुंब तेथे निजले आहे, ती जागा माझ्या वंशजांची निरंतर राहील.'

"सापडलं का हवं ते?" नॉर्माने विचारलं.

"नको तेवढं सापडलं."

वही मिटली असती तर कोणाला कळणार होतं? त्या तळघरात त्याच्याशिवाय कोणी फिरकत नसे. हर्शेलने तसा विचार केला, चांगला तासभर केला, आणि मग टेकडीवर वायलेटजवळ जाऊन बसला. त्याला लाज वाटत होती. फटके खाल्लेल्या पूर्वजाची नव्हे; त्या बिचाऱ्याने निदान एकच डुक्कर चोरलं. हर्शेलने अख्खा न्यायाधीश चोरला होता, वर अर्धा एकर जमीन, आणि चोराच्या उलट्या बोंबा मारून चाळीस वर्षं दुसऱ्याला हसला होता. त्याला आठवत राहिली ती डेल्मरच्या हातातली टोपी.

रविवारी मेळाव्यात, दरवर्षी घराण्याची वंशावळ वाचायला राहायचा तसाच, हर्शेल कागद घेऊन उभा राहिला. "अँब्रोस टॅकेट, डुक्करचोरी, पंचवीस फटके," त्याने वाचलं. लोक हसायच्या तयारीतच होते. "हा माझा. न्यायाधीश डेल्मरचे. कानांची खूण तपासली, खरेदीखत वाचलं. मी गाढव आहे, तेवढ्याचा कागद मात्र मिळाला नाही."

कोणी हसलं नाही. एका बाईच्या हातातला डाव बीन्सच्या पातेल्यावर तसाच थांबला. डेल्मर सावकाश उठला, टेबलापाशी गेला, हॅमच्या थाळीवर फडकं पसरलं आणि जागेवर येऊन बसला. मग जो हशा उसळला, तो हर्शेलने एवढ्या वर्षांत कधी मिळवला नव्हता.

जेवणं झाल्यावर हर्शेल त्याच्याजवळ गेला. "ओपलला वर आणू या. खर्च, खटपट सगळं माझ्याकडे."

डेल्मरने टेकडीकडे बघितलं. "नको. चार वर्षं झाली. आता तिला हलवू नको. तेव्हा आणायचं होतंस, लेका."

खाली बघतच हर्शेलने विचारलं, "आणि माझी वायलेट?"

"तिने काय चोरलंय? राहू दे तिला." डेल्मरने डोळे पुसले. "तुझं मात्र अवघड आहे. नियम आहे ना. समितीकडे अर्ज कर, बघू."

त्याच संध्याकाळी हर्शेलने अध्यक्षपद सोडत असल्याची चिठ्ठी आणि सगळ्या किल्ल्या डेल्मरच्या घरी पोचवल्या. दुसऱ्या दिवशी टंकलेखन यंत्रासमोर बसून, दोन बोटांनी, त्याने स्वतःच बनवलेला अर्जाचा नमुना भरला. न्यायाधीशांशी नातं: 'त्यांचं डुक्कर आमच्या घराण्याने चोरलं.' जागेवर हक्क: 'काही नाही.' शेवटच्या रकान्यात अर्जाचं कारण लिहायचं होतं. तिथे त्याने लिहिलं: 'बायको आधीच तिथे आहे.'