आखूड लिंक आणि आमचे बाबू

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवून ते लिंक वाचायचे. ओठ हलवत, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग म्हणायचे, "हौ, हा आपलाच पत्ता हाय. पाठवा." पडद्यावर त्यांच्या बोटाचे ठसे राहायचे. ते पुसायचं काम माझं.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटातून आम्ही चिन्नोर तांदूळ पाकिटांत भरून बाहेरगावी पाठवतो. पॅकिंग आणि रवानगी माझ्याकडे, ग्राहकांचे ईमेल त्यांच्याकडे. सगळे त्यांना बाबू म्हणत. आधी ते पार्सलांवर पत्ते लिहायचे, ईमेल पन्नाशीत शिकले. रोज खैरलांजीहून बसने येत. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, ज्याच्या हळूपणावर सगळे हसतात आणि ज्याचं काम कुणाला दुसऱ्यांदा करावं लागत नाही.

नवा तांदूळ आला की सगळ्या ग्राहकांना एक पत्र जायचं, खाली ऑर्डरची लिंक. वर्षाचा निम्मा धंदा त्या पत्रावर. बाबूंना ग्राहक तोंडपाठ. "रायपूरच्या मॅडमले जुनाच तांदूळ लागते. त्यांले आता नोका लिवू."

मग मालकांच्या सूनबाईंनी ईमेलचं काम हाती घेतलं. बाबू त्यांच्या हाताखाली आले, मीही.

"बाबूजी, इतनी लंबी लिंक? पत्रात किती वाईट दिसते." त्यांनी एका फुकटच्या वेबसाइटवर ती लिंक टाकली आणि सात-आठ अक्षरांची करून घेतली. किती जणांनी दाबली तेही त्यावर कळायचं.

बाबूंनी बोट टेकवून वाचली. "याच्यात आपलं नाव कुठी हाय, बाई? हा त त्या वेबसाइटचा पत्ता हाय. याच दारातून चोट्टेबी जाऊन राह्यले असतीन."

"ज़माना बदल गया, बाबूजी."

सगळे हसले. मीही हसले.

पत्र गेलं आणि ऑर्डरी आल्याच नाहीत. सूनबाईंनी तेच पत्र ऑफिसातल्या आम्हा पाच जणांना पाठवलं. पोचलं? पोचलं. पोचणारच होतं. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांना ईमेल करतो, आमचं पत्र आमच्याकडे कोण अडवेल? पण निष्कर्ष निघाला की पत्र नीट जातंय, ग्राहकांची यादीच शिळी झाली आहे. यादी बाबूंची.

बाबू ग्राहकांची यादी आणि फोन घेऊन बसले. "साहेब, जरा कचऱ्याच्या पेटीत पाहा. हौ, तेच, स्पॅम. सापडलं? नाही, नाही, आमी तुमाले कचरा कायले पाठवू?"

मग ओळखीच्या काही ग्राहकांना विचारून त्यांनी एकच मजकूर दोनदा पाठवला, एकदा आखूड लिंक घालून आणि एकदा आपल्या वेबसाइटची पूर्ण लिंक घालून. आखूडवालं स्पॅममध्ये गेलं, पूर्ण लिंकवालं समोर उघडलं. कोणाकडे काय झालं ते रेघांच्या कागदावर लिहून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं.

"फुकटची लिंक कोनीबी बनवते. फसवनारेबी तेच वापरतेत. मेलवाल्या कंपन्या त्या वेबसाइटचं नाव पाहूनच पत्र बाजूले टाकतेत. पत्रात खोट नाही, यादीतबी नाही."

"मग सांगा ना मालकांना."

"मी एकटा बोललो त सूनबाईची चुगली होते. तुमी संगं आल्या त कामाची गोष्ट होते. माह्या नोकरीचा सवाल हाय, बाई."

खरं होतं. मालक माझं ऐकतात. मी म्हटलं, "गाड्या भरायच्या आहेत. सोमवारी बघू." गाड्या होत्याच. पण मला पुढची वर्षं सूनबाईंच्या हाताखाली काढायची होती, हे त्याहून खरं.

शनिवारी मालकांनी बाबूंना सांगितलं, आता आराम करा. शाल-नारळ दिलं, टाळ्या झाल्या. शाल बाजारातून मीच आणली होती.

दोन महिन्यांनी नागपूरहून एक सल्लागार आले. म्हणाले, फुकटची आखूड लिंक आधी काढा, पूर्ण लिंक द्या, नाहीतर स्वतःच्या नावाची बनवून घ्या. सूनबाईंनी वहीत उतरवून घेतलं. मालक म्हणाले, वा. रेघांचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी चहा सांगितला.

पत्रं पुन्हा पोचू लागली, पण सावकाश. एकदा स्पॅममध्ये गेलेलं नाव लवकर बाहेर येत नाही. जी उत्तरं आली त्यांत ग्राहक विचारत होते, बाबू कुठे आहेत? मालक मला म्हणाले, "जाऊन घेऊन या त्यांना."

मी बसने खैरलांजीला गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मला ओळखलं.

"ते घरी नाही. धानाच्या बांधीकडं गेले."

"कधी येतील?"

"काही सांगता येत नाही."

तिने पाणी दिलं. ओसरीवर पेपर पसरलेला होता, त्यावर उघडा चष्मा, शेजारी वाफ निघणारा चहा. चष्म्याशिवाय बाबूंना समोरचा माणूस ओळखू येत नाही. मी पाहते आहे हे तिने पाहिलं. तिने चष्म्याची घडी केली, कप उचलला आणि दोन्ही आत नेऊन दिलं. आत कुणीतरी ते घेतलं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "तुमची बस येतच असन."

बसला अजून तास होता. मी उठले.