शालनच्या नावाची हाक

सई, अर्णव — तुमची आजी इंग्रजी शाळेत शिकली आणि दौंडमध्ये वर्षानुवर्षं इंग्रजीच शिकवत आली. कुणाच्या अंगात आलं तर मी आधी थर्मामीटर आणते. तेव्हा "आजीचं आता वय झालं" म्हणू नका... घडलं तसंच लिहितेय.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आजोबांचं स्वरयंत्र काढलं, हे तुम्हाला माहीत आहेच. ते मानेतल्या नळीतूनच श्वास घेतात. आवाज नाही, कुजबुजसुद्धा नाही. मी हवी असले की पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवतात. मी आतून "आले हो" म्हणते, हातातलं काम उरकते आणि मग जाते.

आपल्या देवघरातला तो बाईचा चांदीचा टाक... ती शालन. आजोबांची पहिली बायको, लग्नानंतर लवकरच गेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा टाक पुजायचा, नवी साडी आधी तिला दाखवायची, मग नेसायची. मी सगळं नीट केलं — आणि दरवेळी जळले. ती कायमची तरुण, आणि मला आता चष्म्याशिवाय सुईही ओवता येत नाही!

त्या सकाळी गॅसवर दूध होतं. बाहेरच्या खोलीतून हाक आली — "शालन!"

आजोबांचाच आवाज. ऑपरेशनच्या आधीचा, खणखणीत.

मला भीती नाही वाटली, राग आला. इतक्या वर्षांनी, गळा नसताना... तिचं नाव? दूध तसंच टाकून मी तरातरा गेले, चार शब्द सुनावायला.

आजोबा निळे पडले होते. चमचा खाली. नळी कफानं पार बुजलेली. मी ती ओढून काढली, तिच्याबरोबर वाळका गोळा आला, आणि मानेच्या भोकातून फस्सकन श्वास आत गेला. अँब्युलन्सवाल्यानं ऑक्सिजनचा मास्क नाकावर चढवला, तेव्हा मी ओरडले, "अहो दादा, तिथून नाही! मानेला लावा, मानेला!"

दवाखान्यात डॉक्टरांना हाकेचं सांगितलं. ते म्हणाले, "आजी, स्वरयंत्र नाही, त्यात श्वास कोंडलेला. आवाज निघणारच नाही."

मांडवगणहून माझी नणंद भेटायला आली. "वैनी, जलमभर जळलीस तिच्यावर, आन् तिनंच तुझं कुकू राखलं बघ!"

"वन्सं, हाक तिनं नाही मारली. तिला मारली."

"व्हय का? मग तू कशाला पळालीस गं?"

घरी आल्यावर आजोबांना विचारलं. त्यांनी मान हलवली — नाही. मग चमचा दाखवला. तेवढाच वाजवायला गेले होते, तोही हातातून पडला.

मला आजही उलगडा नाही. एवढंच कळतं, की माझ्या नावाची हाक असती तर "आले हो" म्हणत मी दूध उतरवून, ओटा पुसून गेले असते. हे नेमकं कुणाला ठाऊक होतं?

दिवाळीची साडी मी आधी तिलाच दाखवली. जळतेच अजून. पण आता चमचा वाजला की हातातलं टाकून धावते... त्यांच्या तोंडून तिचं नाव मला पुन्हा ऐकायचं नाही.