सुलोचणा, ण बाणाचा

आमच्या घराच्या दाराला कधी लिंबू-मिरचीसुद्धा लागली नाही. कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की "आधी बीपी तपासून घे" म्हणणारा मी माणूस. तरी हे लिहितोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

मी औषध निर्माता, म्हणजे सरकारी फार्मासिस्ट. कोरोनाच्या काळात भोकरच्या पुढे एका लहान सरकारी दवाखान्यात होतो... नाव सांगत नाही. पीपीई किटचं वाटप माझ्याकडे. किट घातलं की डॉक्टर कोण, सिस्टर कोण, काही कळायचं नाही. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर काळ्या मार्करनं मीच नाव लिहायचो.

सुरुवातीला किट मोजकीच यायची. वरून परिपत्रक आलं — वॉर्डात किट फक्त डॉक्टर आणि सिस्टरना. सफाईवाल्यांना मास्क आणि हातमोजे. आमच्याकडे झाडायला ठेकेदाराकडून आलेली एक मावशी होती. ती एक दिवस स्टोअरच्या दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, मला बी द्या की एक. मी बी त्याच वार्डात झाडून राहिले ना."

"मावशी, तुम्ही नियमात बसत नाही."

"नियमात न्हाई बसत, पर वार्डात तर दिसभर हाय की!"

मी तिला माझा जुना रेनकोट दिला. वर उपकार केल्यासारखा चेहराही केला.

थोड्याच दिवसांत ती त्याच वॉर्डात पेशंट म्हणून आली आणि तिथेच गेली. तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळणाऱ्या दोघांना मात्र पूर्ण किट मिळालं. मृतदेह हाताळणारे नियमात बसत होते! नंतर खोक्यांवर खोकी आली, स्टोअरमध्ये ठेवायला जागा पुरेना. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

त्यानंतरची ही गोष्ट. हिमायतनगरकडचे एक रिटायर्ड गुरुजी पाच दिवस ऑक्सिजनवर राहून बरे झाले. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी औषधं घ्यायला माझ्या खिडकीशी आले.

"सुलोचनाबाई कुठं हायत? नमस्कार करून जावं म्हणलं."

"असं कुणी नाही इथे, गुरुजी."

"न्हाई कसं? किट घालून दुपारच्याला झाडायला यायच्या. मला पाणी पाजायच्या. पाठीवर नाव वाचलं ना मी! ते बी चुकीचं — सुलोचणा, ण बाणाचा. जन्मभर शुद्धलेखन तपासलंय, असलं डोळ्यातून सुटत न्हाई माझ्या."

मावशीनंतर झाडायला दोन पुरुष होते. आणि असं नाव मी कुणाच्याच पाठीवर लिहिलेलं नव्हतं.

मी आमच्या मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, आपल्या मावशीचं नाव काय होतं हो?"

मला सांगता येईना. चार वर्षं ती आमच्याकडे होती. ॲडमिट झाली तेव्हा केसपेपरवर नाव असणारच, पण दोघांच्याही लक्षात नव्हतं. ऑफिसात ठेकेदाराची फाइल काढायला लावली. त्यात तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. फोटो मावशीचा. नाव छापलेलं — सुलोचणा. सोबतच्या अर्जावर अंगठा. जिला वाचताच येत नव्हतं, ती छापणाऱ्याची चूक काय दुरुस्त करणार?

झेरॉक्स परत फायलीत ठेवली. बाहेर आलो तर गुरुजी अजून गाडीची वाट बघत बाकावर बसलेले.

"गुरुजी, त्या काही बोलल्या का तुमच्याशी?"

"लई न्हाई. पर तुम्ही समदे मला अकरा नंबर, अकरा नंबर म्हणायचे. ती बाई एकलीच माझं नाव घेऊन हाक मारायची."

मला भीती नाही वाटली. लाज वाटली, अजून वाटते.

ऑक्सिजन कमी पडला की भास होतात, असं आमचे डॉक्टर म्हणाले. होत असतील. पण भासात बाणाचा ण कुठून आला? आणि तिला किट दिलं कुणी? एवढी वर्षं झाली, मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. मी तिला किट का दिलं नाही, याचं मात्र आहे. परिपत्रक अजून फायलीला लावलेलं आहे, कधीही या, सहीशिक्क्यासकट दाखवतो.