अर्ध्यावरचा काटा

आमची आत्या कुठल्याही यंत्राचं बटण दाबत नाही. मशीनमध्ये कपडे भरेल, पावडर टाकेल, झाकण लावेल आणि मग दारात येऊन हाक मारेल, "अगं ए, जरा बोट लाव गं." लिफ्टमध्ये शिरली की "तिसरा" असं म्हणून गप्प उभी राहते, जसं काही लिफ्टला कान आहेत. कोणी कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं. शेवटचा शब्द जरा खाली सोडून ते मी हुबेहूब तिच्या आवाजात म्हणून दाखवते: "माझा हात लागला की बिघडतं."

पण सुई दिली की तोच हात वेगळा. आत्या रफू करते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात खिडकीपाशी तिचं उंच स्टूल आहे. ती कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याचेच धागे उपसते आणि उभे-आडवे विणत भोक असं बुजवते की गिऱ्हाईक कोट उलटसुलट करून म्हणतं, "बाई, हा माझा नाही. माझ्या कोटाला भोक होतं."

"हवं तर परत पाडून देते," आत्या मान वर न करता म्हणते.

आत्या रफू करते याला कारण एक गाडी आहे. माझ्या आजोबांची, म्हणजे अण्णांची मोटार. कापडी टपाची. टप मागे दुमडला की वर थेट आकाश. अण्णा ती स्वतः चालवायचे, स्वतः पुसायचे आणि दुसऱ्या कोणाला चावीला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. फक्त एकदा त्यांनी चावी दिली, ती आत्याला. गावाबाहेरच्या कापड कारखान्यात, मागावरच्या नोकरीसाठी तिला भेटायला बोलावलं होतं. दवाखान्याच्या चढावर गाडी बंद पडली ती पडलीच. शेवटी एका ट्रकने दोरी बांधून घरी ओढत आणली. अण्णांनी दोनदा चावी फिरवली, काटा तर अर्धी टाकी दाखवत होता, आणि त्यांनी जाहीर केलं, "इंजिन बसलं." अण्णांनी एकदा म्हटलं की घरात पुढे कोणी बोलत नसे. गाडी शेडमध्ये गेली, तिच्यावर ताडपत्री पडली. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. अण्णा आत्याला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते न बोललेलं तिने जन्मभर ऐकलं. मी जन्मायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

अण्णा गेले. गाडी शेडमध्येच राहिली. मग मागच्या वर्षी काका निवृत्त झाले आणि घरातल्या सगळ्यांवर एकदमच संकट आलं.

काका म्हणजे थोरले. त्यांना सगळं मुद्द्यांत सांगायची सवय आहे. उजवं बोट हवेत जातं, घसा साफ होतो, "मुद्दा एक!" आणि मुद्दा एक इतका लांबतो की मुद्दा दोन आजवर कोणी ऐकलेला नाही. माझे बाबा धाकटे. ते उलट. त्यांचं वाक्य सुरू होतं आणि मधेच कुठेतरी बसून राहतं. "म्हणजे मला काय वाटतं, की आपण जर... जाऊ दे." या दोघांच्या मधली आत्या.

"मुद्दा एक," काका चहा पिता पिता म्हणाले, "अण्णांची गाडी रस्त्यावर आणायची."

"दादा, पण तिचं इंजिन... जाऊ दे," बाबा म्हणाले.

आत्याने बशी धुतली. धुतलेली बशी परत धुतली.

मेकॅनिक आला. या माणसाला काहीही विचारा, "होईल" म्हणतो. इंजिन सुटेल का? होईल. किती दिवस लागतील? होईल. तुमचं नाव काय? बहुतेक तेही होईलच असावं, म्हणून मी त्याला होईलभाऊ म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले. त्याने ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून राहिला. बाहेर आला तेव्हा पहिल्यांदाच गोंधळलेला दिसला.

"इंजिन गच्च झालंय. पण ते पडून पडून झालंय, की आधीच काही मोडलं होतं, हे आता कसं कळणार? बंद पडली तेव्हा आवाज कसा आला होता?"

त्यानंतर शेडमध्ये जे झालं त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे असतं तर मी श्रीमंत झाले असते. काकांनी छाती भरून घेतली आणि आवाज काढला, "ठण्ण! खडखडखड! ठण्ण!"

"नाही दादा, ते जरा... घुंईंईं असं," बाबा म्हणाले. गाल फुगवून त्यांनी जे केलं ते गाडीपेक्षा डासाला जास्त शोभलं असतं.

"घुंई? मोटार होती ती, धाकट्या! ठण्ण!"

"घुंईंईं."

"पण तुम्ही दोघं गाडीत होतात का?" होईलभाऊने विचारलं.

गाडीत फक्त आत्या होती. ती दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सगळे तिच्याकडे बघायला लागले तशी तिने मान खाली घातली आणि अगदी बारीक आवाजात, एखादं गुपित सांगावं तसं केलं, "भक्... भक्... भक्... फुस्स."

होईलभाऊने मान तिरकी केली. "फुस्स? ताई, मोडल्यावर फुस्स नाही—"

"छे छे छे!" काका मध्ये पडले. "ती घाबरली होती, तिला काय आठवणार? मुद्दा एक, ठण्ण!"

होईलभाऊ म्हणाला, "होईल," आणि पाना घेऊन गाडीखाली गेला.

मग घरभर गाडीच गाडी. वर्तमानपत्रांवर बोल्ट, बादलीत कार्ब्युरेटर, रॉकेलच्या वासाचा टॉवेल. डिकीतल्या चटईखाली एक लाकडी पट्टी सापडली. लांब, चपटी, तिच्यावर ओळीने खाचा, आणि एका टोकाला काळपट. ती कशाची हे कोणालाच सांगता येईना.

"पाठ खाजवायची," काका म्हणाले, आणि लगेच प्रात्यक्षिक दिलं. "आहाहा. अण्णांना सगळं सुचायचं."

"मला वाटतं आपल्याला मारायची... जाऊ दे," बाबा म्हणाले.

आत्याने पट्टी हातात घेतली, खाचांवरून बोट फिरवलं आणि परत दिली. तेव्हापासून ती पट्टी काकांच्या पाठीला लागली.

डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा होता, बरोब्बर अर्ध्यावर. होईलभाऊने काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही. "हा बदलतो."

"हात लावायचा नाही!" काका कडाडले. "अण्णांच्या गाडीचा काटा आहे तो. आजवर खोटं बोललेला नाही."

"होईल," होईलभाऊ म्हणाला, पण या वेळी जरा वेगळ्या सुरात.

राहिला टप. कापड उंदरांनी जाळीदार करून ठेवलं होतं. तसलं कापड आता मिळत नाही, म्हणून दोघे भाऊ आत्यापुढे जाऊन उभे राहिले. मी दाराआडून ऐकत होते, कारण असं काही ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

"मी करीन," आत्या म्हणाली. "पण गाडी चालू झाली की त्या चढावरून मी नेणार. मी चालवणार."

"तू?" काकांचं बोट हवेत गेलं आणि तिथेच राहिलं. "अगं, तू लिफ्टचं बटण दाबत नाहीस!"

"म्हणूनच. मी मोडली होती की नाही, ते मला एकदा बघायचंय. परत मोडली तर मोडली. मग पुढे विचारणार नाही."

"ताई, म्हणजे तू इतकी वर्षं... जाऊ दे," बाबा म्हणाले.

"तुझं सगळंच जाऊ दे," आत्या म्हणाली.

तिने तो टप अंगणात पसरला आणि दुकानातून आल्यावर रोज त्याच्यावर बसून, अक्षरशः टपावर बसून, विणत राहिली. जुन्या कापडाच्या दुमडलेल्या काठातून धागे काढायची, उभे घालायची, एक वर एक खाली करत आडवे न्यायची. मी विचारलं, "आत्या, गाडी चालवायला भीती वाटते का गं?"

"भीती नाही," ती म्हणाली. "मला कळतच नाही काय वाटतं. मोडली होती हे खरं ठरलं तर निदान सवय आहे. नाही ठरलं तर काय करायचं, ते मात्र सुचत नाही."

मी तिला सुईत दोरा ओवून दिला.

गाडी चालू झाली. होईलभाऊने टाकीत पेट्रोल ओतलं, चावी फिरवली, आधी खोकला, मग धूर, मग धडधड. काका रडले आणि म्हणाले धुरामुळे. पुढचे काही दिवस त्यांनी त्या गाडीतून शेजाऱ्यांना फिरवलं, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांना फिरवलं, दूधवाल्याला त्याच्या कॅनसकट फिरवलं. बाबांनी एकदा विचारलं, "दादा, पेट्रोल...?" काकांनी काट्याकडे बोट दाखवलं. अर्धी टाकी. निश्चिंत.

आणि मग आत्याचा दिवस आला. आत्या स्टेअरिंगवर, शेजारी काका, मागे बाबा आणि मी. टप मागे दुमडलेला, त्यातली आत्याची वीण शोधूनही सापडत नव्हती. होईलभाऊने तिच्या पायाशी पिशवी ठेवली: दोरी, पाण्याची बाटली, पेट्रोलचा डबा. "असू दे, ताई."

"क्लच दाब. हळू. अगं हळू! नाही, इतकं हळू नाही!" काका.

"दादा, तुम्ही बोललात की माझा पाय घाबरतो."

पण तिचा पाय घाबरत नव्हता. बाजाराचा रस्ता मागे पडला, वळण आलं, तिने गिअर असा बदलला की काकांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. आत्याला गाडी येते, हे आमच्या अंगणाबाहेर अनेक वर्षांनी पहिल्यांदा जगाला दिसत होतं. दवाखान्याचा चढ सुरू झाला. तिने कंबर सरळ केली. निम्मा चढ झाला, आणि गाडी म्हणाली,

"भक्... भक्... भक्... फुस्स."

हँडब्रेक ओढल्याचा कर्रर्र आवाज.

"मोडली!" काका ओरडले. "परत मोडली! त्याच जागी!"

आत्याचा चेहरा पांढरा पडला. तिने स्टेअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले, पोळल्यासारखे. मी मात्र थिजून बसले होते, कारण माझा कान आवाजाच्या बाबतीत चुकत नाही. हा तोच आवाज होता. आत्याने शेडमध्ये काढलेला, तंतोतंत, शेवटच्या उसाशासकट.

"आत्या," मी म्हणाले, "तू काढलेला आवाज!"

ती वळली. माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. काटा अर्ध्यावर. मग तिची नजर काकांच्या पाठीमागे खोचलेल्या पट्टीवर गेली.

"दादा, ती इकडे द्या."

"आत्ता? आत्ता तुझी पाठ—"

"द्या म्हणते ना!"

ती उतरली. मागे जाऊन टाकीचं झाकण काढलं आणि पट्टी आत सोडली, पार तळाला टेकेपर्यंत. बाहेर काढली. कोरडी ठक्क. काळपट टोकापासून वरपर्यंत सगळ्या खाचा कोरड्या. मग डब्यातलं पेट्रोल ओतलं आणि परत पट्टी बुडवली. पहिल्या खाचेपर्यंत ओली. काटा जागचा हलला नव्हता.

"अण्णा काटा बघतच नव्हते," ती हळू म्हणाली. "ते पट्टी बुडवून मोजायचे."

"कसं शक्य आहे?" काका म्हणाले. "अण्णा मोजायचे, तर तुला रिकामी टाकी कशी देतील? आदल्या संध्याकाळी त्यांनी पेट्रोल भरून आणलं होतं, माझ्यासमोर! मुद्दा एक—"

"आणि रात्रीचं जेवण झाल्यावर आपण दोघांनी अण्णांची चावी उचलून गाडी ढकलत गल्लीबाहेर नेली आणि तलावापर्यंत तीन फेऱ्या मारल्या, दादा," बाबा म्हणाले.

माझ्या बाबांनी आयुष्यात पूर्ण केलेलं ते बहुधा पहिलंच वाक्य. त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं आणि तोंड उघडंच राहिलं.

"गप्प बस, धाकट्या."

"अण्णांनी भरली होती, म्हणून त्यांना वाटलं भरलेली आहे. म्हणून त्यांनी नंतर मोजलंच नाही. काटाही अर्धा म्हणत होता. मग ते म्हणाले इंजिन..."

"गप्प बस म्हणतो ना!"

"म्हणजे टाकी आपण..." पण इथे मात्र बाबांना "जाऊ दे" म्हणता आलं नाही.

काकांनी बोट वर केलं. घसा साफ केला. बोट तसंच राहिलं आणि मुद्दा काही आला नाही. मग ते गाडीतून उतरले, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. बाबाही उतरले. दोघं आत्यासमोर, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे.

"अगं, आम्हाला खरंच..." काका म्हणाले. "कधी डोक्यात आलंच नाही. शपथ."

आत्या त्यांच्याकडे बघत होती. ती चिडली असं मला वाटलं, मग वाटलं हसेल, मग वाटलं दोन्ही नाही. तिने टाकीचं झाकण लावलं, पट्टी पदराला पुसली, स्टेअरिंगवर येऊन बसली. चावी फिरवली. खोकला, धूर, धडधड.

"ताई, आम्ही बसतो..." बाबा.

"चालत या," आत्या म्हणाली. "उतारच आहे घरापर्यंत."

आणि आम्ही निघालो. मागे दोघं भाऊ रस्त्यावर हातवारे करत होते. "मुद्दा एक, कल्पना तुझी होती!" "माझी? मी शाळेत होतो, दादा!" मग आवाज पुसट झाले. चढ संपला. पलीकडे कारखाना दिसला. तिथे आता मोठं फर्निचरचं दुकान आहे, काचेत सोफे मांडलेले. आत्याने त्याच्यासमोर गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवून. बराच वेळ सोफे बघितले.

"ए," ती म्हणाली. "तो आवाज काढ बघू."

"कुठला?"

"तोच."

मी काढला. भक्, भक्, भक्, फुस्स.

"परत."

मी परत काढला. तिचे खांदे हलायला लागले. मला सगळ्यांचे चेहरे करता येतात, काकांचा, बाबांचा, होईलभाऊचा. पण तेव्हाचा आत्याचा चेहरा मला अजून जमलेला नाही. ती हसत होती की रडत होती, ते मलाही कळलं नाही आणि तिलाही कळत नसावं. तिने नाक पुसलं, गिअर टाकला, आणि अंगठ्याने हॉर्नचं बटण दाबलं. स्वतः. चांगलं लांब दाबलं, सोफ्याच्या दुकानातला माणूस बाहेर येईपर्यंत.